एका नावाची पाटी बसवण्याआधी: आपल्या कार्यशाळेच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळ,
आणि दशकपूर्ती समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: संस्थापकाच्या नावाची पाटी, स्मरणिकेतील संस्थेचा इतिहास आणि पहिल्या लेथची (धातू कातण्याच्या यंत्राची) विक्री यांबाबत.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात संस्थेच्या सूचनाफलकावर लागलेला ठराव मी दोनदा वाचला. त्यात तीन गोष्टी आहेत. प्रवेशद्वाराशेजारी ग्रॅनाइटची पाटी बसवून तिच्यावर ‘संस्थापक’ या शब्दाखाली एकच नाव कोरायचे. स्मरणिकेत संस्थेचा चार पानी इतिहास छापायचा, ज्याचा मजकूर म्हणे तयारच आहे. आणि मागच्या खोलीतला सहा फुटी लेथ ‘निरुपयोगी’ ठरवून भंगाराच्या भावाने विकायचा व ती जागा नव्या लेझर कटरसाठी मोकळी करायची. या तिन्ही निर्णयांबाबत मी मंडळाला दोन पत्रे दिली. पहिल्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दुसऱ्याची पोचही मिळाली नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तिची यंत्रे कोल्हापूरकरांच्या वर्गणीतून आणि बरीचशी त्यांच्या अडगळीतून आलेली आहेत, त्यामुळे ती कोणी उभी केली हा प्रश्न बैठकीत हात वर करून निकालात काढता येणार नाही, असे माझे मत आहे.

मी यंत्रांतली माणूस नाही. बँकेत २९ वर्षे कारकुनी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरातला प्रत्येक रेडिओ उघडून बसणाऱ्या मुलाला दर रविवारी उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सोडायला जाता जाता स्वतःच तिथे अडकले. ‘वहिनी, तुम्ही बँकेतल्या, वर्गणीचा हिशेब तुम्हीच ठेवा,’ असे म्हणून कोणीतरी माझ्या हातात दोनशे पानी वही दिली. पुढे सहा वर्षे मी खजिनदार होते आणि माझा सभासद क्रमांक ९ आहे. पहिल्या तीन वह्या आणि पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आजही माझ्याकडे आहेत. त्या वह्यांत माझी स्वतःची एक मोठी चूक आहे. तिच्याविषयी पुढे लिहीन.

२०१३ च्या जूनमध्ये मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा ‘मेकरस्पेस’, म्हणजे कोणीही येऊन वस्तू बनवावी अशी सामायिक कार्यशाळा, हा शब्द तिथे कोणी उच्चारत नव्हते. एक जुना लेथ, एक पिलर ड्रिल, बेंचला आवळलेली व्हाइस, सोल्डरिंगचे दोन-तीन इस्त्रीसारखे तापणारे आयर्न आणि तीन माणसे, एवढेच होते. त्यांतले एक जण फाउंड्रीच्या मशीनशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, होते. त्यांना सगळे मामा म्हणत. दुसरे आयटीआयमधून निवृत्त झालेले फिटर निदेशक, म्हणजे सर. तिसरा पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला तरुण अभियंता, ज्याचे नाव आता पाटीवर येणार आहे. चार-पाच महिन्यांनी शिलाईचे वर्ग घेणाऱ्या एक बाई मशीनचा मोडलेला भाग करून घ्यायला आल्या आणि त्याही राहिल्या. त्या आल्या म्हणून मुली आल्या. तोवर शेडमध्ये मी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी एवढ्याच बायका होतो.

ज्याचे नाव पाटीसाठी ठरले आहे, त्याच्या कामाविषयी माझ्या मनात कसलाही किंतु नाही, हे आधीच स्पष्ट करते. मेकरस्पेस ही कल्पना त्याने आमच्याकडे आणली, पहिल्या आठ महिन्यांचे भाडे खिशातून भरले आणि नोंदणीच्या कागदांसाठी धर्मादाय कार्यालयाचे उंबरे त्यानेच झिजवले. त्याला फोन केला तेव्हा कळले की स्मरणिकेचा मजकूर त्याला दाखवलेलाही नाही. तेव्हा माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. जी माणसे त्या खोलीत होती तीच कमी करून मंडळ जो इतिहास पक्का करू पाहत आहे, त्याच्याविरुद्ध आहे.

पहिली हरकत संस्थापक या शब्दाला आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात जणांच्या सह्या लागतात. आपल्या विधानपत्रावरही सात सह्या आहेत, आणि मंडळातले काही सदस्य ‘खरे तर सात संस्थापक, पण सोयीसाठी एकच नाव घेतले’ असे सांगतात असे ऐकते. ते सात कोण होते, हे मी सांगू शकते, कारण सह्या गोळा करत फिरणाऱ्यांत मी होते. त्यांतले एक माझे दीर. सातवा माणूस मिळेना म्हणून रविवारी जेवायला आले असताना त्यांची सही घेतली. शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलेले नाही. मामांची सही मात्र त्या कागदावर नाही. ‘माझं नाव नको. मालकाला वाटंल मी बाहेर धंदा काढलाय,’ असे ते म्हणाले होते आणि त्या वेळी ते आम्हा सर्वांना पटले होते. शिलाईच्या बाईंना कोणी विचारलेच नाही. म्हणजे कागदावर आहेत ते सगळे संस्थापक नाहीत आणि संस्थापक आहेत ते सगळे कागदावर नाहीत. हा गुंता सोडवायचे सोडून त्याच्यावर ग्रॅनाइट बसवणे मला योग्य वाटत नाही.

कोल्हापुरात तरी ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. देशी बनावटीचा सिनेमा कॅमेरा या गावात तयार झाला आणि त्याचे नाव बाबूराव पेंटरांशी जोडलेले आहे, ते रास्तच आहे. पण तो खटाटोप बाबूरावांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी मिळून सुरू केला होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले, आणि पुढे १९१८ च्या सुमारास बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने कॅमेरा पुरा केला. खरी कॉर्नरजवळच्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या दहा जणांना विचारा. बाबूराव सगळ्यांना माहीत असतील, आनंदरावांचे नाव किती जण घेतील? यात कोणाचा दुष्टावा नव्हता. जो जगला, ज्याने काम तडीस नेले, त्याच्या नावावर गोष्ट जमा झाली, आणि ती शंभर वर्षे तशीच सांगितली गेली.

हे जुन्या काळातच होते असे नाही. आपल्याकडे आठवीतली मुले ज्या आर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डवर दिवे लुकलुकवायला शिकतात, त्याचीही गोष्ट अशीच आहे. इटलीतल्या इव्रेआ येथील संस्थेत एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने २००३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि त्याची सोपी प्रोग्रामिंग पद्धत तयार केली. आर्डुइनो २००५ मध्ये त्याच्या आधारावर उभे राहिले. संस्थापक म्हणून जगाला पाच नावे माहीत झाली, आणि त्या पाचांत बारागान नाही. प्रबंधाचे एक मार्गदर्शक मात्र त्या पाचांपैकी होते. अखेर २०१६ मध्ये बारागानने तारखा, पत्रव्यवहार आणि मूळ कोडसह आपली बाजू स्वतः मांडली. त्याच्याकडे कागद होते म्हणून त्याला ती मांडता आली. मामांकडे काय आहे? लेथवर कातलेले पितळी बुश आणि शिकून बाहेर पडलेली पोरे.

दुसरी हरकत जन्मवर्षाची आहे. मंडळ दशकपूर्ती २०१५ पासून मोजत आहे, कारण नोंदणी प्रमाणपत्रावर ते वर्ष आहे. मग त्याआधीची दोन वर्षे, ज्यांत यंत्रे जमली, वर्ग सुरू झाले, किल्ली कोणाकडे राहावी यावरून पहिले भांडणही झाले, ती कुठे गेली? स्मरणिकेच्या मजकुरात ती ‘प्राथमिक तयारीचा काळ’ या तीन शब्दांत उरकली आहेत. एखाद्याला हा तपशिलाचा किरकोळ वाद वाटेल, पण पहिले कोण आणि कधी हे लिहून ठेवले नाही तर केवढा गोंधळ होतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर असलेला हा शास्त्रज्ञ पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह अवर्षणप्रवण गावात राहायला गेला आणि शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि अन्नप्रक्रिया हातांनी करत शिकवू लागला. आज मेकरस्पेस म्हणून आपण जे काही मिरवतो, त्यातले बरेचसे तिथे हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी चालू होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक नील गेर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा) उभी राहिली, आणि एमआयटीबाहेरची ती पहिली, असे सांगितले जाते. पण त्याच चळवळीच्या इतर हकिगतींत पहिलेपणाचा मान बॉस्टनच्या साउथ एंड टेक्नॉलॉजी सेंटरला दिलेला आढळतो, जिथे २००३ मध्ये मेल किंग यांच्यामुळे लॅब आली. उणीपुरी वीस-बावीस वर्षे झालेली ही घटना, तिच्यात जगप्रसिद्ध संस्था, तरीही सुरुवात कशाला म्हणायचे यावर दोन उत्तरे. आपण तर पत्र्याच्या शेडमधले लोक.

पाबळचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी केला. कलबाग २००३ मध्ये गेले, पण आपण हे का करतो, कोणत्या क्रमाने करतो आणि मुलाला पाटी-पेन्सिलीआधी पाना का द्यायचा, याविषयीची त्यांची भूमिका त्यांनी मांडून ठेवली होती आणि तिच्याभोवती शिक्षणक्रम तयार झाला होता. म्हणून त्यांच्यामागेही काम चालू राहिले, आणि मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा तो विषय राज्यातल्या कितीतरी शाळांपर्यंत गेला. संस्थापकाची स्मृती जपायची असेल तर त्याची पद्धत लिहून ठेवावी लागते. आपल्या चार पानी मजकुरात सर पहिल्या दिवशी नव्या मुलाला काय करायला देत, याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. (कानस देत. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि कानस, आणि गुण्यात धरून काटकोन येईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. माझ्या मुलाला सात रविवार लागले.)

तिसरी हरकत गाळलेल्या गोष्टींबद्दल आहे, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. स्मरणिकेतला इतिहास वाचला तर असे वाटते की एका तरुणाने स्वप्न पाहिले, शहराने साथ दिली आणि संस्था भरभराटीला आली. सोयाबीनमधला कचरा वेगळा करणारे यंत्र दीड वर्ष खपून आपल्याला जमले नाही आणि त्यात शेतकऱ्यांची आगाऊ रक्कम अडकली, ती परत करायला आणखी एक वर्ष लागले, हे त्यात नाही. बाहेरची जॉबवर्कची कामे पैसे घेऊन करावीत की नाही यावरून निम्मे सभासद सोडून गेले, हे नाही. ड्रिल मशीनच्या स्पिंडलमध्ये एका मुलीची ओढणी गुंतली आणि सरांनी मेन स्विच खेचला म्हणून ती वाचली, हेही नाही. भिंतीवरच्या नियमांच्या पाटीवर आज ‘ओढणी, सैल बाही, हातमोजे घालून फिरत्या यंत्रावर काम करू नये’ असे लिहिलेले आहे. नव्या मुलांना तो कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेला नियम वाटतो. नियमामागची घटना सांगितली तर तो पाळला जातो, नाहीतर पाटी रंगवून घेण्याचा खर्च तेवढा होतो.

चुका लिहून ठेवल्याने संस्थेची अब्रू जाते, असा सूर मंडळातल्या काहींनी लावल्याचे मला समजले. जर्मनीतल्या हॅकरस्पेसवाल्यांचा, म्हणजे तंत्रप्रेमींच्या सामायिक जागा चालवणाऱ्यांचा, अनुभव याच्या उलट आहे. २००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतले काही तंत्रप्रेमी तिकडच्या जागा पाहायला गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जर्मनीतल्या दोघांनी बर्लिनच्या परिषदेत आपले वर्षानुवर्षांचे अनुभव एका सादरीकरणातून मांडले: जागा कशी शोधावी, भाडे कसे भागवावे, भांडी कोणी घासायची यावरून भांडण कसे होते आणि ते कसे मिटवावे. अशा देवाणघेवाणीतूनच न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोत २००७-०८ च्या सुमारास नव्या जागा उभ्या राहिल्या. म्हणजे भांडी घासण्यावरून झालेल्या भांडणाची नोंदसुद्धा सातासमुद्रापार कोणाच्या तरी उपयोगी पडली. सांगली, इचलकरंजी किंवा निपाणीत उद्या कोणाला अशी कार्यशाळा काढायची झाली, तर आपली स्मरणिका त्याच्या काय कामाला येईल? उद्घाटनाचे फोटो?

चौथी हरकत लेथविषयी. ठरावात त्याला ‘डेडस्टॉक’ म्हटले आहे. मी त्याची खरेदी वहीत लिहिली आहे: बंद पडलेल्या वर्कशॉपमधून भंगाराच्या भावाने, २३ हजार रुपये, टेम्पो आणि हमाली वेगळी. तो आला तेव्हा त्याचे एक चेंज गिअर गायब होते. मामांनी त्याचा लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) केला, शेजारच्या फाउंड्रीने बिडाचे ओतकाम फुकट करून दिले आणि गिअरचे दाते आमच्या सरांनी पाडले. त्या गिअरचा रंग आजही बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. बेडवर चकाजवळची झीज पाहिली तर त्याच्यावर किती आखूड जॉब निघाले असतील याचा अंदाज जाणत्याला येतो. खालच्या लाकडी फळीवर पहिल्या तुकडीतल्या मुलांनी पंचने ठोकलेली आद्याक्षरे आहेत, आणि त्या तुकडीचा हजेरीपट आज संस्थेत उपलब्ध नाही. तेव्हा ती फळी हाच हजेरीपट आहे. लेथ चालत नाही हे खरे नाही. त्याचा पट्टा तुटला आहे आणि तीन वर्षांत तो कोणी बदललेला नाही. लेझर कटरला माझा विरोध नाही, पण त्याच्यासाठी समोरच्या खोलीतले दोन सोफे हलवता येतील.

आता कागदांविषयी. संस्थेची जुनी कागदपत्रे आणि पहिल्या वर्षांचे छापील फोटो नदीच्या बाजूला राहणाऱ्या एका सभासदाच्या तळमजल्यावर ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा तिथे शिरली आणि पाणी ओसरल्यावर त्या पेट्यांतून लगदा निघाला. तो दोष नदीला देऊन मोकळे होण्यासारखा नाही. एकच प्रत, तीही पूररेषेजवळ, ही आमची व्यवस्था होती. त्यानंतरही दुसरी व्यवस्था झाली नाही. पहिल्या व्हॉट्सअॅप गटातला मजकूर फोन बदलला तसा गेला. एका लॅपटॉपवर व्हिडिओ आहेत असे म्हणतात, लॅपटॉप कोणाकडे आहे ते सांगता येत नाही. यांत्रिकी कार्यशाळा कायम राहतात असेही नाही. अमेरिकेत २००६ पासून चाललेल्या टेकशॉप या कार्यशाळांच्या साखळीने २०१७ च्या नोव्हेंबरात देशभरातल्या आपल्या सगळ्या शाखांना एका दिवसात कुलूप लावले, आणि सभासदांना ते आदल्या दिवशीही ठाऊक नव्हते.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळली, इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, ती एका हट्टापायी: अस्सल कागद आधी, कथन नंतर. बखरी त्यांनी टाकून दिल्या नाहीत, पण समकालीन पत्राच्या कसोटीवर घासल्याशिवाय त्यांवर विसंबलेही नाहीत. आपण नेमकी उलटी वाट धरली आहे. दहाच वर्षांच्या संस्थेची बखर तयार झाली आणि साधने अजून कोणाच्या माळ्यावर आहेत याची यादीसुद्धा नाही. राजवाड्यांसमोरची माणसे दोनशे वर्षांपूर्वी गेलेली होती. आपली माणसे बसने वीस मिनिटांवर राहतात.

इथे माझ्या चुकीविषयी लिहिते. हे पत्र लिहिण्याआधी पहिली वही काढून बसले. वाटले होते, मामांच्या कामाचा पुरावा हिच्यात सापडेल. सापडला तो असा: ‘किरकोळ – चहा, रिक्षा (टर्नर) – ४० रु.’ दर रविवारी, जवळजवळ दोन वर्षे, माझ्याच अक्षरात. मामा एक पैसा घेत नव्हते; येण्याजाण्याची रिक्षा आणि चहा एवढे आम्ही द्यायचो. मला हिशेब जुळवायचा होता, म्हणून मी नाव लिहिले नाही, हुद्दा लिहिला, आणि तोही किरकोळ खात्यात कंसामध्ये. उद्या कोणी निव्वळ कागदांवरून इतिहास लिहायला बसला, तर तो प्रामाणिकपणे लिहील की संस्थेने चाळीस रुपयांवर एक टर्नर ठेवला होता. रोख देणगीदारांच्या पावत्यांवर आडनावासकट पूर्ण नावे आहेत, गिअरचे ओतकाम फुकट करणाऱ्या फाउंड्रीच्या भट्टीवाल्याचे नाव कुठेच नाही, कारण त्याने पैसे दिले नव्हते, लोखंड दिले होते, आणि लोखंडाची पावती फाडायची असते हे मला तेव्हा सुचले नाही. त्यामुळे कागद गोळा करा एवढे म्हणून माझे काम भागत नाही. कागदात जे आले नाही ते माणसांच्या तोंडून, ती हयात असताना, नोंदवून घ्यावे लागेल. सर गेल्या वर्षी गेले. त्यांचे अर्ध्या तासाचेही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही.

यावरून माझ्या मागण्या अशा आहेत.

पाटीचे काम थांबवावे. ती पुढे जरूर बसवावी, परंतु नोंदी पूर्ण झाल्यानंतर, आणि तिच्यावर कोणाची नावे असावीत हे वार्षिक सर्वसाधारण सभेत सर्व सभासदांपुढे ठरावे.

स्मरणिकेतील इतिहासाचा मजकूर छपाईआधी जुन्या सभासदांना वाचायला द्यावा आणि ज्या गोष्टीवर दुमत असेल तिथे दोन्ही हकिगती छापाव्यात. वेळ अपुरा असेल तर ती चार पाने कोरी सोडावीत. माझी त्याला हरकत नाही.

लेथ विकू नये. तो दुरुस्त करून चालता ठेवावा, आणि विकायचाच असेल तर त्याआधी तो प्रत्येक बाजूने, नंबर प्लेट, तो वेगळ्या रंगाचा गिअर आणि फळीवरची आद्याक्षरे दिसतील असा, नीट टिपून घ्यावा. फळी मात्र कोणत्याही परिस्थितीत भंगारात जाऊ नये.

धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट एकची (न्यास नोंदवहीतल्या उताऱ्याची) आणि आजवरच्या सर्व बदल अर्जांची प्रमाणित प्रत मागवावी, म्हणजे कोण कधी विश्वस्त झाले आणि कधी गेले हे तरी वादापलीकडे ठरेल. इतिवृत्ताच्या वह्या, हिशेब, फोटो, आराखडे यांची यादी करून त्यांच्या तीन प्रती काढाव्यात. त्यांतली एक शहराबाहेर, आणि एकही पूररेषेच्या आत नको. फोटोंच्या मागे डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत, आणि ‘व इतर’ असे लिहू नये.

आणि जी जुनी माणसे बोलू शकतात त्यांच्या मुलाखती, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. खुर्चीत बसवून मनोगत विचारू नये. यंत्रासमोर उभे करावे आणि हे कसे केले ते विचारावे, म्हणजे हात आठवायला लागतात. सोडून गेलेल्यांनाही बोलवावे. त्यांतल्या दोघांशी माझे बोलणे झाले आहे. ते अजून रागावलेले आहेत, पण यायला तयार आहेत.

या कामासाठी मंडळाकडे मी पैसे मागत नाही. माझ्याकडच्या तीनही वह्या आणि पावत्यांच्या स्थळप्रती मी संस्थेला देत आहे, फक्त त्यांची लेखी पोच हवी. पहिल्या वहीत ज्या ज्या पानावर ‘टर्नर’ आहे, तिथे मूळ नोंद न खोडता समासात मी मामांचे पूर्ण नाव लिहून, आजची तारीख घालून सही केली आहे.

मामांनी येत्या रविवारी कार्यशाळेत यायचे कबूल केले आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना उन्हाचा त्रास होतो, म्हणून दुपारी चारनंतर येतील. पट्टा मिळाला तर येतानाच घेऊन येतो, असा त्यांचा निरोप आहे. मागच्या खोलीची किल्ली मंडळाकडे आहे. ती त्या वेळी मिळावी.

कळावे,

आपली,
माजी खजिनदार, सभासद क्रमांक ९
कोल्हापूर